आजी मला बेबी म्हणते

दिवाळी महिन्यावर आली की माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. "आजी-आजोबा थकलेत, आता किती दिवाळ्या उरल्या त्यांच्या? पण गावी जायचं म्हटलं की पोरांची तोंडं वाकडी. मोबाईलपुढं कुणाची ओढच उरली नाही त्यांना. जबरदस्ती करावी का?" विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईकडे नोकरीला गेलेले आपल्याच विदर्भातले असतात. उत्तर देण्याऐवजी एका घरात काय झालं ते सांगते. नावं अर्थातच बदललेली आहेत.

प्रशांत आणि वैशाली पुण्यात राहतात. प्रशांतचे आईवडील दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात. दोघंही ऐंशीच्या घरात. मुलगी तन्वी तेरा वर्षांची. यंदा तिनं स्पष्ट सांगितलं होतं, मी येणार नाही, मला मावशीकडे ठेवा. प्रशांत फोनवर माझ्याशी तावातावानं बोलत होता. एवढी गाडी मी चालवतो, सुट्ट्या मी जुळवतो, आणि हिला दोन दिवस आजीजवळ बसवत नाही!

मी तन्वीशी एकटीशी बोलायचं ठरवलं. पहिली पंधरा मिनिटं "तिथं बोअर होतं" याच्या पलीकडे गाडी सरकेना. मग मी विचारलं, गेल्या वर्षी पोचल्यावर काय झालं, अगदी पहिल्यापासून सांग.

पोचायला संध्याकाळ झाली होती. छपरीत शेजारपाजारचे जमले होते. कुणीतरी तन्वीला पुढं ढकललं आणि आजीला विचारलं, "ओयखलं काय वं माय? कोन हाय ही?" आजीनं तिचा हात धरला. "बेबी, आली का माय? किती उशीर केला!" सगळे हसले. पुन्हा विचारलं, पुन्हा बेबी. तिसऱ्यांदा प्रशांतच जरा चढ्या आवाजात म्हणाला, "आई, असं काय करतेस, तन्वी आहे ही!" थोड्या वेळानं तन्वी पाणी प्यायला आत गेली, तर आजी चुलीच्या कोपऱ्यात पदरानं डोळे पुसत होती.

बेबी म्हणजे प्रशांतची थोरली बहीण, शाळकरी वयात गेलेली. देवघराशेजारी तिचा फोटो आहे. "आजी मला मेलेल्या माणसाच्या नावानं हाक मारते," तन्वी म्हणाली, "आणि माझ्यामुळं रडते."

यात मोबाईल कुठं आला?

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ओळखलं का? प्रेमानंच विचारतो आपण. पण ज्याची आठवण निसटू लागली आहे त्याच्यासाठी ती चारचौघांत घेतलेली तोंडी परीक्षा होते. नाव आठवत नाही, आणि आठवत नाही हे मात्र कळतं. मी प्रशांतला एवढंच सांगितलं की यंदा हा प्रश्न कुणालाच विचारू द्यायचा नाही. समोर जायचं, चेहरा दिसेल असं बसायचं आणि आपणच सांगायचं, "आजी, मी तन्वी, प्रशांतची पोरगी." विषय संपला.

दुसरी गोष्ट वेळेची. स्मृतिभ्रंशात दिवस कलताना गोंधळ वाढतो, हे डॉक्टरांना नेहमी दिसतं. आणि हे लोक दरवर्षी नेमके तिन्हीसांजेला पोचत होते. आठचे निघता निघता साडेनऊ, शिक्रापूर-रांजणगावची दिवाळीची गर्दी, संभाजीनगरला जेवण, मग समृद्धी महामार्गावर चढून कारंजा लाडला उतरायचं आणि पुढं दारव्हा. समृद्धीवर गाडीला १२० ची मुभा आहे, त्यामुळं प्रशांतला वाटे आपण वेळ वाचवला. वाचलेल्या वेळात तो चिडलेला आणि ताठलेला उतरायचा, पोरगी भुकेली, आणि म्हातारीचा दिवसातला सगळ्यात वाईट तास. (त्या सरळ रस्त्यावर थकून गाडी हाकणं धोक्याचं आहे, हेही त्याला ऐकवलं.) जालन्याला मुक्काम करा आणि सकाळी अकरापर्यंत गावात पोचा, असं मी सुचवलं. चार सुट्ट्यांतली एक रात्र लॉजवर घालवायची, हे त्याच्या जिवावर आलं. वैशालीनं ते परस्पर ठरवून टाकलं.

तिसरी गोष्ट प्रशांतनं सहज, हसत सांगितली. आबाजी, म्हणजे त्याचे वडील, हल्ली आगपेटी आणि गॅसचा लायटर बंडीच्या खिशात घेऊन फिरतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आजीनं गॅस तसाच सुरू ठेवला असणार, कदाचित एकदा नव्हे. फोनवर मात्र "सारं बराबर हाय, तू कायले फिकर करतं" हेच. जोडीदार असा झाकत असतो. तिचं वाक्य तो पुरं करतो, भाजीत मीठ तो टाकतो, आणि मुलाला वाटतं वयानं थोडं होतं.

म्हणून मी म्हटलं, आधी यवतमाळला वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. बी-१२ ची किंवा थायरॉईडची कमतरता असली तरी विसर पडतो, आणि त्यावर इलाज आहे. कानही तपासा, ऐकूच आलं नाही तर माणूस काय लक्षात ठेवणार? आजीचं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनांनी तरतरी आली, विसर थोडाच कमी झाला. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

तन्वीला जबरदस्ती केली नाही. फक्त विचारलं, आजीनं पुन्हा बेबी म्हटलं तर काय करशील? मी बेबी नाही म्हणून भांडायचं नाही, मी बेबीच आहे असं खोटंही बोलायचं नाही. "बेबी कशी होती?" एवढं विचारता येईल का? ती विचार करते म्हणाली. आणि गावी गेली.

आजीनं दुसऱ्या दिवशी तिला बेबी म्हटलंच. दोघी बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसून वाती वळत होत्या. नावं गेली तरी आजीच्या बोटांतून वात जात नव्हती. हाताची सवय खूप उशिरापर्यंत टिकते. तन्वीनं प्रश्न विचारला. मग शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीनं दारव्ह्याहून कारंजाला जाताना बेबीनं खिडकीतून फेकलेल्या चपलेची गोष्ट निघाली, आणि दुसऱ्या चपलेचीही. प्रशांत दारात उभा राहून ऐकत होता. बहीण गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. घरात तिच्याबद्दल कुणी बोललेलं त्यानं ऐकलंच नव्हतं.

आल्यावर त्यानं मला विचारलं, दोघांना पुण्याला आणू का? मी म्हटलं, घाई नको. ओळखीचं घर सुटलं की आजीसारख्यांचा गोंधळ बहुधा वाढतो. पण आबाजींच्यानं हे किती दिवस निभेल, हे त्यांना एकट्यात विचारा, फोनवर नको. आता तो फेब्रुवारीत एकटाच जाणार आहे. तोवर दोन वेळच्या स्वयंपाकाला गावातली एक बाई ठेवली आहे. आगपेटी मात्र अजून आबाजींच्याच खिशात असते.