मंदीच्या दिवसांत छोट्या धंद्यावर सेवाकार्य चालवता येईल का?

येईल. पण "विक्रीचा दहावा हिस्सा सेवेला" असं तुम्ही ठरवलं असेल, तर ते आधी सोडा. मंदीत विक्री कशीबशी टिकते, खोबरं-तेल-गॅस महागतो आणि नफा उरतच नाही. मग तो दहावा हिस्सा भांडवलातून जातो. द्यायचं ते नफ्यातूनच, आणि तेही स्वतःची व कामाला येणाऱ्या बायांची मजुरी काढून ठेवल्यावर.

आमचा गोव्यात, डिचोलीत फराळ आणि आमसुलांचा घरगुती धंदा. त्यातून गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा जातो. मंदी आम्हाला नवी नाही. २०१२ला खाणी बंद पडल्या, २०१८ला पुन्हा, मग २०२०ची टाळेबंदी. खाणीचा ट्रक थांबला की गाडेवाला, गॅरेजवाला, वाणी, सगळ्यांचंच गिऱ्हाईक आटतं.

आमची खरी कमाई दोनदा: मे महिन्यात लोक पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करतात तेव्हा, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला), नेवऱ्या (करंज्या)-लाडवांच्या ऑर्डरी येतात तेव्हा. जुलैत पावसाशिवाय काही येत नाही. म्हणून डबे किती द्यायचे हे जुलैच्या गल्ल्यावरून ठरवतो. चवथीला जास्त मिळालं म्हणून डबे वाढवत नाही, ते पैसे बँकेत वेगळ्या खात्यात टाकतो. फारच ओढाताण झाली तर डबा घेणारी माणसं कमी करत नाही, पदार्थ कमी करतो. पेज, लोणचं, एखादी भाजी. कुणी तक्रार केलेली नाही (मिठाची सोडून!).

शेजाऱ्यांकडे पैसे मागू नका, नारळ-तांदूळ मागा. रोख देताना हात आखडणारा माणूस घरचे पाच नारळ सहज काढून देतो.

कागदांचं थोडक्यात. फुकट वाटलेलं जेवणसुद्धा अन्न सुरक्षा व मानके कायद्यात येतं, तेव्हा एफएसएसएआयचं (त्या कायद्याच्या केंद्रीय प्राधिकरणाचं) बघून घ्या. डब्यांचा खर्च धंद्याच्या खर्चात दाखवू नका. लोकांकडून नियमित देणग्या घ्यायच्या असतील तर सोसायटी किंवा ट्रस्ट नोंदवा, आणि सीएला विचारूनच. पाकिटावर "तुमच्या खरेदीतून सेवा" असं छापायचा मोह मात्र मला पटत नाही. चकली कुरकुरीत नसेल तर दयेपोटी माणूस एकदाच घेतो.

आणि कर्ज? दळणाच्या यंत्रासाठी काढा, डब्यांसाठी नको.