बांधावर टाकलेले सरकीचे पाकीट

आपण विचारले आहे की, विज्ञान एवढे पुढे गेल्यावर आपल्या उपयोगाची काही पिके आणि जनावरे सांभाळली म्हणजे पुरे. बाकीचे जीवजंतू नाहीसे झाले तर माणसाचे नेमके काय अडणार आहे? मी परभणी जिल्ह्यात कोरडवाहू कापूस करतो. अनेक वर्षे माझीही समजूत अशीच होती, म्हणून याचे उत्तर मी ज्या किडीमुळे ती समजूत गेली, त्या किडीवरून देतो.

बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळी मारणारे विष झाडातच तयार होईल अशा जनुक घातलेल्या कापसाला, आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे सुधारित बियाणे आले. त्याआधी हिरव्या बोंडअळीसाठी आम्ही पाठीवर पंप घेऊन हंगामभर फवारत असू आणि तरीही पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, गळून पडत. बीटीने तो त्रास कमी केला, हे मी नाकारणार नाही. मात्र दोन-चार वर्षांतच 'अळी संपली' असे आम्ही बोलू लागलो. ज्या गुणामुळे अळी मरत होती, तो गुण आम्ही कोणी निर्माण केलेला नव्हता, हे त्या बोलण्यात विसरले गेले. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच 'बीटी', हा मातीत सापडणारा एक जिवाणू आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या मरू लागल्या तेव्हा तो प्रथम लक्षात आला आणि त्याचेच जनुक पुढे कापसात घालण्यात आले. म्हणजे आमच्या विजयाचे हत्यारही मातीतल्या एका डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाकडून आणलेले होते.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत त्या काळी १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीचे वेगळे लहान पाकीट मिळत असे आणि ती सरकी शेताच्या कडेने लावावी, अशी सूचना त्यावर असे. आम्ही ते पाकीट बांधावर टाकून देत असू. मीही टाकले आहे, एकदा नव्हे, अनेक वर्षे. जी झाडे अळी खाणार हे ठाऊक आहे, ती मुद्दाम लावून जमीन का अडवायची, असा आमचा सरळ हिशेब होता. आणि विकणाऱ्यानेही त्या पाकिटाचे कारण आम्हाला कधी समजावून सांगितले नाही.

ते कारण असे आहे. बीटीच्या विषाला दाद न देणारी एखादी अळी लाखांत केव्हा तरी निघतेच. सगळे शेत बीटीचे असेल, तर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या मरून जातात आणि उरलेल्या मोजक्या चिवट पतंगांची आपसातच जोडी जमते. त्यांची संतती पूर्ण चिवट निघते. कडेच्या साध्या झाडांवर मात्र नेहमीच्या अळ्या मोठ्या संख्येने वाढतात, चिवट पतंगाला जोडीदार बहुधा त्यांच्यातलाच मिळतो आणि अशा जोडीची बहुतेक पिल्ले बीटीच्या झाडावर पुन्हा मरतात. थोडक्यात, जिला मारण्यासाठी आम्ही एवढा खर्च करत होतो, तिचीच काही पिलावळ जगवणे आमच्याच हिताचे होते.

त्यातही शेंदरी, म्हणजे गुलाबी, आणि हिरव्या बोंडअळीत जो फरक पडला, तो मला सर्वांत बोलका वाटतो. हिरवी बोंडअळी तुरीवर आणि हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे आमच्या भागात कापसातल्या तुरीच्या ओळींनी आणि रब्बीच्या हरभऱ्याने न सांगता तिला आश्रय दिला आणि ती बीटीला बराच काळ बळी पडत राहिली, याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. शेंदरी अळीचा सारा संसार मात्र मुख्यतः कापसावरच. तिला साधे झाड फक्त आम्हीच देऊ शकत होतो आणि ते आम्ही बांधावर फेकले. शिवाय पाण्याची सोय असलेले लोक फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून घेतलेला कापूस, घेत राहिले, त्यामुळे तिला उन्हाळ्यापर्यंत अन्न मिळत गेले.

२०१७ च्या हंगामात डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्याने न उमलता मिटून राहिलेली फुले, दिसू लागल्या तेव्हाही मी मनावर घेतले नाही. बाहेरून बोंड निरोगी दिसे. फोडले की आत गुलाबी अळी आणि काळवंडलेली सरकी. एकरी सात-आठ क्विंटलची आशा होती, तिथे अडीच क्विंटल घरी आला आणि त्यातही पुष्कळ कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस होता. गावात कित्येकांनी उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या झाडांत, रोटाव्हेटर घातला.

गिधाडांचेही असेच झाले. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर ती काही तासांत फस्त करत आणि त्यासाठी कोणी एक पैसा मोजलेला नव्हता. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले, २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली; तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही धड उरले नव्हते. आज आमच्या गावाबाहेर ते काम मोकाट कुत्री करतात, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची भीती येते.

तेव्हा आपल्या प्रश्नाला माझे उत्तर हे, की कोणता जीव कोणत्या वेळी आपले काम करतो आहे, याची यादी आपल्याजवळ नाही. ती आहे असे समजून बाकीचे पुसून टाकणे, यालाच मी उद्दामपणा म्हणतो.

आता मी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून शेत रिकामे करतो, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावतो आणि कापसाच्या कडेने चवळीच्या दोन ओळी पेरतो. चवळीवर मावा येतो, पण तो कापसावर जाणारा मावा नव्हे. त्याच्या मागोमाग ढालकिडे आणि क्रायसोपा हे मावा खाणारे मित्रकीटक येतात आणि तिथून कापसात उतरतात. चवळी माव्याने काळी पडलेली पाहून शेजारी पहिल्या वर्षी स्वतःचा पंप घेऊन मदतीला आले होते. मी त्यांना फवारू दिले नाही. पाने उलटून खाली फिरणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्या दाखवल्या. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि पंप तसाच भरलेला परत घेऊन गेले.