मानस असूनही खाजन शेतात खारं पाणी का शिरतं?

गोव्यात नदी-खाडीकाठची बांध घालून कसलेली सखल जमीन म्हणजे खाजन, आणि बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची दाराची वाट म्हणजे मानस. मानशीचं लाकडी दार आपोआप चालतं. भरतीचं पाणी बाहेरून दाबून ते मिटवतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून नदीत जातं. तेव्हा बांध फुटलेला नसेल, तर दार मासळीसाठी मुद्दाम उघडं ठेवतात का ते आधी बघा. मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो आणि सुंगटांचे (कोळंबीचे) पैसे भातापेक्षा जास्त, हे खरं दुखणं. पूर्वी बांध गावकारी, म्हणजे गावाची जमीन सांभाळणारी संस्था, सांभाळायची; १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जबाबदारी कूळ संघांकडे (जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघांकडे) आली, बऱ्याच ठिकाणी डागडुजी मागे पडली. कोरगुट भात खारेपण सोसतं, पण सतत साचलेलं नाही. संघाच्या सभेत लिलावाच्या अटी वाचायला मागा. आणि बांधाबाहेरची खारफुटी कुणालाही तोडू देऊ नका, लाटांचा मार तीच झेलते.