तारण विश्वासाने होतं, तर मंडळीतले नियम मोडल्यावर ते जातं का?

तुम्ही विचारलंय की मंडळीत एकीकडे ‘तारण (म्हणजे पापातून सुटका) फक्त विश्वासाने’ असं शिकवतात आणि दुसरीकडे ठरावीक उपवास, दशमांश, शनिवार पाळणं, दागिने न घालणं यातलं काही चुकलं की ‘तारण गमवाल’ असं बजावतात. मग खरं काय? आणि नियम लागू नसतील तर दहा आज्ञाही रद्द झाल्या का?

आधी थेट उत्तर देतो. देवाने आपल्याला स्वीकारावं याची अट म्हणून लावलेला नियम कितीही चांगला असला तरी प्रेषित पौलाच्या, म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्याच्या, शिकवणीत बसत नाही. तोच नियम अट म्हणून लावलेला नसेल, तर तो पाळण्याला पौलाची काही हरकत नसते; कधी तो स्वतःही पाळतो. म्हणून ‘हे करू की नको’ याच्या आधी ‘हे माझ्याकडून कशासाठी मागताहेत’ हे विचारायचं. बहुतेक गोंधळ हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतो.

पौलाच्या दोन सहकाऱ्यांची उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा. तीत हा ग्रीक. यरुशलेमेत त्याची सुंता व्हावी म्हणून काही जणांनी दबाव आणला, तेव्हा आपण घटकाभरही त्यांना वश झालो नाही असं पौल लिहितो (गलती २:३-५). तीमथ्याची आई यहूदी, वडील ग्रीक. त्याला मात्र पौलाने स्वतः नेऊन त्याची सुंता करवली, कारण त्या भागातल्या यहूद्यांना त्याचे वडील ग्रीक असल्याचं माहीत होतं (कृत्ये १६:३). गंमत अशी की त्याच प्रवासात हे दोघं गावोगावच्या मंडळ्यांना यरुशलेमच्या सभेचे ठराव पोचवत होते, आणि ती सभा भरली होती सुंतेच्याच वादावर. कृती एकच. पण तीताच्या बाबतीत ‘याशिवाय तू पुरता देवाचा नाहीस’ असा दावा होता, म्हणून नकार. तीमथ्याच्या बाबतीत असा दावा कोणीच करत नव्हतं, प्रश्न फक्त यहूद्यांमध्ये काम करताना अडथळा नको एवढाच होता, म्हणून होकार. याला पौलाची धरसोड म्हणणारे वाचक असतात. मला तर त्याचं स्वातंत्र्य इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं: सुंता न करण्याचाही त्याने नियम केला नाही.

ती सभा इ.स. ४९च्या सुमाराची (कृत्ये १५). सुंता झाल्याशिवाय तारण नाही, असं काही जण शिकवत होते. येशूचा शिष्य पेत्र याचं उत्तर असं की जे जू आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहता आलं नाही, ते या शिष्यांच्या मानेवर कशाला ठेवता? परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना चारच गोष्टी कळवायचं ठरलं: मूर्तींना अर्पिलेले पदार्थ, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहा. यातल्या खाण्याच्या अटी यहूदी आणि परराष्ट्रीय यांना एका पंक्तीला बसता यावं यासाठी होत्या, असा अर्थ बरेच अभ्यासक लावतात आणि मलाही तो पटतो.

वाद पेटला तोही पंक्तीवरूनच. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही लोक आल्यावर तो घाबरून वेगळा बसू लागला, बाकीचे यहूदीही त्याच्यामागे गेले, बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावलं (गलती २:११-१४). पेत्राने कुठलीही चुकीची शिकवण तोंडाने दिली नव्हती. त्याने फक्त जागा बदलली, आणि परराष्ट्रीयांना त्यातून कळलं की ख्रिस्तावर विश्वास ठेवूनही आपण दुय्यमच. तुमच्या मंडळीतला एखादा नियम तपासायचा असेल तर तो मोडणाऱ्याला कुठे बसवलं जातं, त्याच्याशी बोलणं कसं बदलतं, हे बघा. लेखी विश्वासपत्रात काय छापलंय यापेक्षा तिथे जास्त कळतं.

आता पौलाचा मुख्य युक्तिवाद. तो कालक्रमाचा आहे आणि उत्पत्तीचं पुस्तक उघडून तुम्हाला स्वतः पडताळता येतो. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि देवाने ते त्याचं नीतिमत्त्व असं गणलं, हे वाक्य उत्पत्ती १५:६ मध्ये आहे. इश्माएल जन्मला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता (१६:१६). सुंतेचा करार १७व्या अध्यायात, वय ९९ (१७:२४). म्हणजे नीतिमान गणला गेल्यावर किमान १३ वर्षं तो सुंतेविना होता. रोम ४:१० मध्ये पौल नेमकं हेच विचारतो: सुंता झालेली असताना गणलं की नसताना? आणि मोशेचं नियमशास्त्र तर वचनानंतर ४३० वर्षांनी आलं, असं गलती ३:१७ सांगतं. नंतर आलेल्या कायद्याने आधीचं पक्कं वचन रद्द होत नाही.

मग नियमशास्त्र आलं कशाला? त्याने पाप उघडं पडतं (रोम ३:२०), आणि ख्रिस्त येईपर्यंत त्याने बालरक्षकाचं काम केलं (गलती ३:२४). त्या काळच्या सधन घरात मुलाला शाळेत नेणारा, वळण लावणारा गुलाम असे. मूल वयात आलं की त्याचा हुकूम चालत नसे. पण तो दुष्ट होता असं कोणी म्हणत नसे, आणि नियमशास्त्राला वाईट ठरवणं हीसुद्धा पौलाची शिकवण नाही. रोम ७:१२ मध्ये तो त्याला पवित्र म्हणतो.

तर दहा आज्ञा. रोम १३:९ मध्ये व्यभिचार, खून, चोरी, लोभ यांबद्दलच्या आज्ञा पौल नावानिशी सांगतो आणि ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ यात त्या सामावतात असं म्हणतो. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा इफिस ६:२ मध्ये आहे. म्हणजे खून करायला मोकळीक मिळाली, असा अर्थ कुठूनही निघत नाही. अडचण शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आहे, कारण दिवस पाळण्याबद्दल रोम १४:५ प्रत्येकाच्या मनाच्या खात्रीवर सोडतं आणि कलस्सै २:१६ त्यावरून कोणी तुमचा न्याय करू नये असं सांगतं. सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळ्या हे उतारे यहूदी सणांच्या विशेष शब्बाथांबद्दल आहेत असं मानून शनिवार पाळतात. इतर बऱ्याच मंडळ्या रविवार पाळतात. शनिवारी विसावा घेऊन उपासना करणारा माणूस काहीच चूक करत नाही. न करणाऱ्याचं तारण गेलं असं तो म्हणू लागला, की मात्र गलती ४:१०-११ मधली पौलाची काळजी (आपले श्रम वाया गेले की काय) त्याला लागू पडते.

दशमांशाबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच घातली जाते. नियमशास्त्रात दशमांश हा लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाच्या, उपजीविकेसाठी होता, कारण त्यांना जमिनीचा वाटा नव्हता (गणना १८). अनुवाद १४ मध्ये एक दशमांश देवापुढे स्वतःच्या कुटुंबाने खायचा आहे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा आहे. ‘पगाराचे १० टक्के दरमहा मंडळीच्या खात्यात’ असं तिथे नाही. पौलाच्या पत्रांत टक्केवारीच नाही: आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीप्रमाणे बाजूला काढून ठेवा (१ करिंथ १६:२), आणि मनात ठरवलं तसं द्या, कुरकुरत किंवा भाग पाडलं म्हणून देऊ नका (२ करिंथ ९:७). दहावा भाग देणं ही चांगली सवय आहे, मंडळीचा खर्चही त्यातूनच चालतो. पण मलाखी ३ वाचून ‘दिलं नाही तर शाप’ असं कोणी म्हणालं, तर गलती ३:१३ उघडा. नियमशास्त्राच्या शापापासून ख्रिस्ताने सोडवलं, असं तिथे लिहिलंय. भीती घालून मिळवलेलं दान पौलाच्या त्या दोन्ही सूचनांत बसत नाही.

उपवासाचं थोडक्यात: येशू ‘तुम्ही उपवास करता तेव्हा’ असं म्हणतो, म्हणजे तो गृहीत धरतो, पण वार ठरवून देत नाही. दागिन्यांबद्दल १ पेत्र ३:३-४ चा भर अंतःकरणाच्या शोभेवर आहे. तिथे केस गुंफणं आणि कपडे यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे सरसकट बंदी काढायची तर फार लांब जावं लागेल.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच नेहमीची. ‘कृपा आहे ना, मग काहीही चालतं.’ गलती ५:१३ यालाच उत्तर आहे: स्वातंत्र्य देहवासनांना संधी म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. पुढच्या यादीत देहाच्या कर्मांमध्ये जारकर्म आणि दारूबाजीसोबत वैर, मत्सर, राग आणि तट पाडणं हेही आहे. नियमांचे कैवारी आणि स्वातंत्र्याचे कैवारी यांच्यातली भांडणं बघता ही यादी दोघांनी वाचावी.

‘अशक्तांना अडखळण होऊ नये’ हा मुद्दाही फार वापरला जातो, आणि पुष्कळदा चुकीचा. १ करिंथ ८ मध्ये प्रश्न मूर्तींना अर्पिलेलं मांस खाण्याचा आहे, आणि ८:१० प्रमाणे अडखळण म्हणजे तुमचं पाहून दुसऱ्याने स्वतःच्या सदसद्विवेकाविरुद्ध वागणं. एखाद्या वजनदार सभासदाला तुमचं वागणं आवडत नाही, याला अडखळण म्हणत नाहीत. खरोखर डळमळणाऱ्या माणसासाठी पौल जन्मभर मांस सोडायला तयार आहे. हुकूम गाजवणाऱ्यांपुढे तो तीताच्या वेळी घटकाभरही झुकला नाही. तुमच्यासमोर या दोघांपैकी कोण आहे हे ओळखणं अवघड असतं, आणि त्यासाठी त्या माणसाशी एकट्याने बोलण्याशिवाय मला तरी दुसरा उपाय दिसत नाही.

कोणीतरी याकोब २:२४ पुढे करेलच: माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी नीतिमान ठरतो. याकोब ज्या प्रसंगाकडे बोट दाखवतो तो इसहाकाच्या अर्पणाचा, उत्पत्ती २२ मधला. म्हणजे १५:६ च्या कितीतरी नंतरचा. त्याचा रोख नुसत्या तोंडच्या विश्वासावर आहे, भुतेही तसा विश्वास धरतात असं तो म्हणतो. पौलही गलती ५:६ मध्ये प्रीतीच्या द्वारे काम करणाऱ्या विश्वासाबद्दलच बोलतो. या मुद्द्यावर पश्चिमेतलं चर्च सोळाव्या शतकात फुटलं. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशनने संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या: देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईमुळे नाही, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, पण एवढं दोघांना मान्य आहे.

वाचायला सुरुवात गलतीकरांस पत्रापासून करा. सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत मोठ्याने वाचा. सुटी वचनं वेचत बसलात तर युक्तिवाद हातातून निसटतो. मग रोम १४, मग १ करिंथ ८ ते १०. तोवर एक पथ्य पाळा: मनात शंका असताना कुठलाही नियम मुद्दाम मोडून बघू नका. शंका धरून खाणारा दोषी ठरतो असं रोम १४:२३ सांगतं, मग ते अन्न स्वतः शुद्ध का असेना. उपवास सोडायचा असेल तर आधी खात्री होऊ द्या. ती होईपर्यंत तो चालू ठेवलात तर तुमचं काहीही बिघडत नाही.