वाचकांच्या शंका : आरटीएक्स ३०६० की ४०६०?

प्रश्न : रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) अशी माझी जुळणी आहे. मॉनिटर १०८० पी. मुख्य काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये, रात्री गेम. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतले तर १२ जीबी मेमरी मिळते, त्यानंतर आलेल्या ४०६०त मात्र ८च. नवे कार्ड मागे कसे?
— अॅनिमेशनची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वेगात ते मागे नाही, जागेत आहे. २०२१चे ३०६० सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवर बनले. त्यात ३५८४ कुडा कोअर (आकडेमोड करणारी छोटी एकके), १७७७ मेगाहर्ट्झ बूस्ट (चढता घड्याळवेग) आणि १७० वॅटची भूक. २०२३चे ४०६० टीएसएमसीच्या ४एन प्रक्रियेवरचे. कोअर कमी, ३०७२, पण बूस्ट २४६० मेगाहर्ट्झ आणि वीज ११५ वॅट. कोअर आणि वेग यांचा गुणाकार करून त्याची दुप्पट केली (प्रत्येक कोअर एका ठोक्यात दोन क्रिया करतो) की ३०६०चे सुमारे १२.७ आणि ४०६०चे सुमारे १५.१ टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी क्रिया) येतात. गेममध्ये १०८० पीला, फ्रेम जनरेशन (मधल्या फ्रेम कृत्रिमरीत्या भरण्याची सोय) बंद ठेवून, ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे राहते ते यामुळेच.

मेमरीकडे जाणारा रस्ता मात्र ४०६०चा अरुंद आहे : १२८ बिट बस, सेकंदाला २७२ जीबी. ३०६०चा १९२ बिट, ३६० जीबी. ही तूट भरायला ४०६०च्या चिपमध्येच २४ एमबी एल२ कॅश (छोटी, वेगवान मेमरी) दिली आहे, ३०६०त ती ३ एमबी आहे. हवी ती माहिती कॅशमध्ये सापडली की मेमरीपर्यंत जावेच लागत नाही. १०८० पीला ही युक्ती उत्तम चालते, १४४० पी आणि ४केला कॅश अपुरी पडू लागते.

तुमची खरी अडचण मदरबोर्डात आहे. ४०६० पीसीआयईच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) आठच लेन वापरते आणि बी४५० बोर्ड पीसीआयई ३.० वर थांबतो. म्हणजे कार्ड आणि रॅम यांच्यामध्ये सेकंदाला जेमतेम ८ जीबी. काम ८ जीबी मेमरीत मावते तोवर याचा फारसा त्रास नाही. मेमरी भरून सांडली, की २७२च्या रस्त्यावरचा माल ८च्या बोळातून आणावा लागतो. तेव्हा सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण खेळ मधूनच अडखळतो, टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रे) धूसर राहतात. ब्लेंडरमध्ये रेंडर (अंतिम चित्र बनवण्याचे काम) रांगते किंवा मेमरी संपल्याची सूचना देऊन थांबते. ३०६० त्याच बोर्डावर सोळा लेन घेते आणि ४ जीबी जास्त असल्याने मुळात सांडण्याची वेळ उशिरा येते.

खरेदीआधी एवढे करा : तुमचा सर्वांत जड सीन सायकल्सने (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनाने) रेंडर करा आणि रेंडरच्या खिडकीत वर ‘पीक’ मेमरीचा आकडा पाहा. विंडोज, ब्राउझर आणि ब्लेंडरचा व्ह्यूपोर्टही (काम करायची खिडकी) कार्डाची मेमरी खातात, म्हणून ६.५ जीबीच्या वर गेलात तर ३०६० घ्या. त्याखाली असाल तर ४०६० तेच रेंडर लवकर उरकेल, आणि एखादा सीन फुगलाच तर ब्लेंडरच्या ‘सिम्प्लिफाय’ सेटिंगमधली टेक्श्चर मर्यादा २०४८वर आणून काम भागते. अॅनिमेशन शिकणाऱ्याचे सीन वाढतच जातात, म्हणून आमचा कौल ३०६०ला.

मात्र एसएमपीएसचा खर्च धरून चाला. कार्ड १७०, प्रोसेसर भर कामात ८८, बाकी सगळे ५० वॅट. कागदावर ४५० पुरतात, पण ३०६० क्षणभर बराच जास्त प्रवाह ओढते आणि जुना एसएमपीएस तेवढ्यात बंद पडतो. दोन्ही कार्डांसाठी कंपनीची शिफारस ५५० वॅटची आहे. मोलेक्सचे (जुन्या चार पिनांच्या वायरीचे) कनव्हर्टर लावू नका. प्रोसेसरची ४+४ पिनांची वायर कार्डात कोंबू नका, तिची जोडणी उलटी असते. कार्डाची वायर ६+२ पिनांची.

प्रश्न : दुकानात ३०६० बरेच स्वस्त मिळते आहे, खोक्यावर ८ जीबी लिहिले आहे. ‘कार्ड तेच, फक्त मेमरी कमी’ असे दुकानदार म्हणतो.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते कार्ड तेच नाही. कोअर ३५८४च आहेत, पण बस १२८ बिट आणि वेग सेकंदाला २४० जीबी. तूट भरायला ४०६०सारखी मोठी कॅशही नाही. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. गेममध्ये ते १२ जीबीच्या ३०६०पेक्षा स्पष्ट मागे पडते. सेकंडहँड कार्ड घेतानाही जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडून बस १९२ बिट दिसते का ते पाहा, मगच पैसे द्या. फरमार्क ही कार्डावर ताण देणारी चाचणी १५ मिनिटे चालवून पडद्यावर ठिपके येत नाहीत आणि पंखा खरखरत नाही याची खात्री तिथेच करा.

प्रश्न : रायझन ५ ५६००जी आणि बी५५० बोर्डावर ४०६० बसवले. जीपीयू-झेडमध्ये ‘एक्स८ १.१’ दिसते. कार्ड सदोष आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. कार्ड रिकामे बसले की वीज वाचवायला कार्ड आणि बोर्ड यांची पीसीआयई लिंक खालच्या वेगावर उतरते. ‘एक्स८’ म्हणजे आठ लेन, ‘१.१’ म्हणजे पीसीआयईची पिढी. शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून रेंडर चाचणी सुरू करा, आकडा चढेल. पण तुमच्याकडे तो ३.०वरच थांबेल, कारण बोर्ड ४.० असला तरी ५६००जी प्रोसेसर ३.०चाच आहे. हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. प्रोसेसर बदलायची घाई नको. गेममध्ये टेक्श्चर एक पायरी खाली ठेवा आणि टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड’ मेमरी वाढत नाही ना, एवढे पाहत राहा. आठऐवजी चार लेन दिसल्या तर मात्र कार्ड खालच्या खाचेत बसले असण्याची शक्यता आहे. ते प्रोसेसरजवळच्या खाचेत हलवा.

प्रश्न : जाहिरातीत ४०६०च्या फ्रेम जवळपास दुप्पट दाखवतात, तुम्ही २० टक्के म्हणता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या आलेखांत डीएलएसएस ३ या एनव्हिडियाच्या तंत्राची फ्रेम जनरेशन चालू असते. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घातली जाते. चित्र गुळगुळीत दिसते, पण माउसचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच वेगाचा राहतो, थोडा उशिरानेच. मुळात ६०च्या आसपास फ्रेम मिळत असतील तर सोय चांगली. ३० मिळत असतील तर हात जड वाटतो. शिवाय ती स्वतः मेमरीही खाते. ४०६०चा खरा जादा लाभ एव्ही१ (व्हिडिओचा एक प्रकार) एन्कोडर हा आहे. ३०६० एव्ही१ फक्त वाचू शकते. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी त्याला जास्त वजन द्यावे.

प्रश्न : लॅपटॉपलाही हाच हिशेब लागू का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. लॅपटॉपच्या ३०६०त ६ जीबीच मेमरी असते, ४०६०त ८, त्यामुळे तिथे पारडे उलटते. पण लॅपटॉपचे ४०६० ३५ ते ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेले असते. त्या मॉडेलचा टीजीपी (कार्डाला मिळणारी कमाल वीज) किती, हे माहितीपत्रकात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.