धोंड्याचा महिना: वाचकांचे प्रश्न

2026 च्या कॅलेंडरात ज्येष्ठ दोनदा आला आहे. हा जादा महिना कशावरून ठरतो? आणि जावयाला वाण 33 चंच का? (सांगली)

चांद्रमहिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा असतो. असे बारा महिने 354 दिवसांत आटोपतात आणि सूर्याचं वर्ष 365 दिवसांचं, म्हणजे दरसाल अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढली नाही, तर गणपती हळूहळू भर उन्हाळ्यात येतील. हिजरी कालगणनेत ही भरपाई करत नाहीत, म्हणून रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते.

आपल्याकडचा नियम सोपा आहे. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे एकही संक्रांत येत नाही, तो अधिक. 2026 मध्ये वृषभ संक्रांत 15 मे रोजी आणि अमावास्या 16 ला. पुढची अमावास्या 15 जूनला सकाळी संपते आणि मिथुन संक्रांत त्यानंतर काही तासांनी लागते. एवढ्या थोडक्यात हुकल्यामुळे 17 मे ते 15 जून हा अख्खा महिना संक्रांतीवाचून राहतो. तोच अधिक ज्येष्ठ. त्याच्यामागून येणारा तो निज ज्येष्ठ. याचा परिणाम पुढच्या सणांवर दिसतो. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये ती 14 सप्टेंबरला येते. याआधीचा अधिक महिना 2023 चा श्रावण होता, पुढचा 2029 चा चैत्र.

दोन अधिक महिन्यांमध्ये सरासरी साडेबत्तीस महिन्यांचं अंतर पडतं, त्याचेच पूर्ण 33 धरले असं सांगतात. काही घरांत 33 चा संबंध तेहतीस कोटी देवांशी लावतात. दोन्ही समजुती रूढ आहेत.

माझे अनारसे तुपात टाकले की हसतात. पीठ तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचंच आहे. कुठे चुकतं? (सातारा)

अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरघळून पसरतो, तेव्हा बहुतेक वेळा गूळ जास्त झालेला असतो. त्याखालोखाल कारण म्हणजे पीठ मुरलेलं नसणं. सगळी कृती पुन्हा एकदा तपासून पाहा.

अर्धा किलो तांदूळ घ्या. जुना कोलम किंवा साधा जाडा चालतो. बासमती नको आणि उकडा तर मुळीच नको. तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज न चुकता बदलायचं, नाहीतर आंबूस वास लागतो आणि तो तळल्यावरही जात नाही. चौथ्या दिवशी निथळून सावलीत सुती कापडावर तासभर पसरा. मूठभर तांदूळ दाबल्यावर हाताला ओल जाणवली पाहिजे, पण पाणी लागता कामा नये. इथेच बऱ्याच जणी चुकतात. तांदूळ उन्हात कडकडीत वाळवला, तर पिठाला गूळ धरून ठेवता येत नाही.

मिक्सरवर बारीक दळून मैद्याच्या चाळणीने चाळा. दमट पीठ 600 ग्रॅमच्या आसपास भरेल. त्यातलं पाऊण वाटी आधीच बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवा, पुढे उपयोगी पडेल. उरलेल्या पिठात 400 ते 425 ग्रॅम किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप घालून मळा. गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस बाहेरच ठेवा. गूळ मऊ चिक्कीचा नसावा, साधा पिवळा घ्या. तो पाझरून पीठ सैल होईल, ते तसंच व्हायला हवं.

तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा करून पाहा. लिंबाएवढा गोळा खसखशीवर थापायचा आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद ते मध्यम आचेवर तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी पडून रंग बदामी झाला की काढून चाळणीत उभा ठेवा, म्हणजे तूप निथळतं. हसला, तर राखून ठेवलेल्या पिठातलं दोन चमचे मळा, अर्धा तास थांबा आणि पुन्हा एक तळून बघा. उलट, थापताना कडा फुटत असतील तर पीठ कोरडं आहे. चमचाभर दूध किंवा थोडं पिकलेलं केळं कुस्करून घाला. तूप पुरेसं तापलेलं नसलं तरी अनारसा पसरतो, म्हणून पीठ चांगलं असताना फक्त पहिलाच बिघडला तर आधी आच बघा.

या प्रमाणात 33 होऊन चार-पाच जास्तीचे निघतात. ते लागतातच.

जावयाला मधुमेह आहे. अनारसे, बतासे काहीच चालत नाही. वाण काय द्यावं? (लातूर)

अनारसे आणि बतासे वाणात येतात ते जाळीदार असतात म्हणून. पण तसलंच दिलं पाहिजे असा हट्ट नको. 33 बदाम, अक्रोड किंवा सुपाऱ्या तांब्याच्या ताम्हनात दिव्यासह द्या. लातूरकडे धोंड्यांचं, म्हणजे पुरण भरलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, जेवण होणारच. पुरणात डाळ जास्त, गूळ कमी असा वेगळा हात ठेवून त्यांच्यासाठी दोनच लहान धोंडे करा आणि तळण्याऐवजी पंधरा मिनिटं उकडा. पुरण मात्र घट्ट हवं. पातेल्यात उलथनं उभं राहिलं तर झालं समजा. सैल पुरणाने पारी फुटते आणि पाणी आत जातं. कमी गुळाचं असलं तरी ते गोडच आहे, तेव्हा किती खायचं ते त्यांना ठरवू द्या. जेवताना आग्रह कृपा करून करू नका.

मुलीच्या सासरहून चांदीचं ताट आणि सोन्याची अंगठी सुचवली आहे. परंपरा आहे म्हणतात. (नाशिक)

परंपरा दानाची आहे, आणि दान ऐपतीप्रमाणे असतं. चांदी-सोनं असलंच पाहिजे असा धर्माचा कोणताही नियम नाही. तांब्याचा दिवा, 33 अनारसे आणि मुलगी-जावयाला जेवण एवढ्यात धोंड्याचं वाण पुरं होतं. मागून घेतलेलं वाण हे वाण नव्हेच. तुमच्या मुलीशी आधी मोकळेपणी बोला आणि निरोप तिच्यामार्फत न पाठवता तुम्ही स्वतः, शांतपणे, आधीच सांगा. कर्ज काढू नका.

अधिकात गाडी घेतलेली चालते का? (पनवेल)

लग्न, मुंज, वास्तुशांत पुढे ढकलतात. रोजच्या गरजेची खरेदी, नोकरीवर रुजू होणं, औषधोपचार यांना आडकाठी नाही. बाराव्या दिवशीचं बारसंही होतं. गाडीची डिलिव्हरी तारीख आली असेल तर घेऊन या.

नातीचा जन्म 1 ऑगस्ट 2023 चा, अधिक श्रावणातला. अधिक श्रावण पुन्हा कधी येणार, मग तिथीने वाढदिवस करायचाच नाही का? (टोरोंटो)

दरवर्षी करा. अधिक महिन्यात जन्मलेल्यांची तिथी पुढे त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात धरतात, पक्ष आणि तिथी तीच. त्या दिवशी पौर्णिमा होती, म्हणजे नातीचा तिथीचा वाढदिवस थेट नारळी पौर्णिमेला, राखीच्याच दिवशी. 2026 मध्ये तो 28 ऑगस्टला येतो. नारळीभात एकाच पातेल्यात दोन्हींसाठी होईल. नारळ ताजा मिळाला नाही तर फ्रोझन खोवलेला वापरा, पण आधी पूर्ण वितळवून पाणी पिळून काढा, नाहीतर भात गिचका होतो.