व्हॉल्व्ह रेडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमधील परत परत येणारी खरखर

आपल्या व्हॉल्व्ह रेडिओचा आवाज कमी-जास्त करताना खरखर होते, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की थांबते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू होते, असे आपण लिहिले आहे. क्लीनर हा घाणीवरचा उपाय आहे. खरखर परतत असेल, तर पॉटच्या (नॉबने फिरणाऱ्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या रेझिस्टरच्या) कार्बन पट्टीवर नको तो डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) येत आहे का, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. ते न पाहता नवा पॉट बसवला, तर तोही कालांतराने खरखरू लागेल.

बहुतेक संचांत हा पॉट ५०० किलोओहम किंवा १ मेगओहमचा असून तो डिटेक्टर डायोड (रेडिओ लहरींतून ऑडिओ, म्हणजे आवाजाचा सिग्नल, वेगळा करणारा) आणि पहिल्या ऑडिओ ट्रायोडची (तो सिग्नल वाढवणाऱ्या व्हॉल्व्हची) ग्रिड, म्हणजे सिग्नल आत घेणारी जाळी, यांच्यामध्ये येतो. डिटेक्टरवर ऑडिओसोबत, स्टेशन जितके जोरदार तितका, काही व्होल्टचा ऋण डीसीही तयार होतो आणि तो पुढे जाऊ नये म्हणून साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातलेला असतो. हा कपॅसिटर जुना कागदी असेल, तर आज तो गळत असण्याचीच शक्यता अधिक. मग सरकत्या संपर्कातून डीसी वाहू लागतो, आणि पट्टीवर जिथे जिथे तो संपर्क क्षणभर सुटतो, तिथे व्होल्टेज उडी घेते. तीच उडी पुढच्या व्हॉल्व्हमध्ये वाढून स्पीकरमधून खरखर म्हणून बाहेर पडते.

याची परीक्षा सोपी आहे. जोरदार स्टेशन लावून नॉब फिरवावा, मग स्टेशनपासून काटा बाजूला घेऊन पुन्हा फिरवावा, आणि ग्रामोफोनची सोय असल्यास त्या स्थितीतही फिरवून पाहावा. फक्त स्टेशनवरच खरखर होत असेल, तर डीसी डिटेक्टरकडून येत आहे. काही संचांत पॉट हाच डायोडचा लोड (डायोडचा प्रवाह थेट ज्यातून वाहतो तो रेझिस्टर) असतो; तिथे पट्टीवर डीसी मुळातच असतो आणि थोडी खरखर चालवून घ्यावी लागते. मात्र अशा संचात जोरदार स्टेशनवर आवाज वाढवताच तो फाटू किंवा घुसमटू लागला, तर ग्रिडकडे जाणारा कपॅसिटर बदलावाच, कारण गळणारा ऋण डीसी ग्रिडचे बायस (तिचे ठरलेले व्होल्टेज) बिघडवतो. त्या जागी ४०० व्होल्टचा पॉलिएस्टर कपॅसिटर उत्तम चालतो. नॉबला हात न लावताही खरखर होत असेल, तर पॉटला दोष न देता व्हॉल्व्हचे सॉकेट, प्लेटचा रेझिस्टर आणि कच्चे सोल्डर तपासावे.

कपॅसिटरचे काम झाल्यावरच सफाई करावी. प्लग काढून, फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठ्यातले मोठे, वीज साठवून ठेवणारे) रेझिस्टरमधून डिस्चार्ज करून आणि मीटरने खात्री करूनच आत हात घालावा; एसी/डीसी संचांत (मेन्स ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते आणि नॉबचा स्क्रूसुद्धा झटका देऊ शकतो. टर्मिनलजवळच्या फटीतून क्लीनरचा एक छोटासा फवारा पुरे, त्यानंतर नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवावा. पॉटच्या पाठीवरच्या मेन्स स्विचमध्ये क्लीनर जाऊ देऊ नये आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय रेडिओ लावू नये. पॉटच्या दांड्यातले (ज्यावर नॉब बसतो) ग्रीस धुऊन गेल्यास नॉब सैल व निर्जीव वाटतो. तिथे घट्ट ग्रीसचा एक ठिपका द्यावा. पट्टीवर पॉलिश पेपर घासू नये. पेन्सिल फिरवण्याचा सल्लाही बरेच जण देतात, पण तो फार दिवस टिकत नाही.

पट्टी खरोखर झिजली आहे का, हे काट्याच्या मीटरवर चांगले कळते. मधली तार सोडवून, मीटर मधले टर्मिनल आणि एक टोक यांना लावून दांडा सावकाश फिरवल्यास काटा सलग सरकला पाहिजे. तो मध्येच अनंताकडे झेपावला, तर पॉट बदलावा. एकूण ओहम छापील आकड्यापेक्षा थोडे वाढले असतील, तर त्याची काळजी करू नये. नवा पॉट लॉगरिदमिकच घ्यावा, कारण लिनियर लावल्यास सगळा आवाज सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यातच येतो. टोन सुधारण्यासाठी चौथे टर्मिनल असलेला पॉट मात्र सहज मिळत नाही. तो मागचे झाकण उघडून, संपर्काची पाती हलकेच पट्टीच्या न झिजलेल्या भागाकडे वळवून वाचवता येतो का, हे आधी पाहावे.